क्लचच्या बाजूने

जुन्या फोर बाय फोर स्कॉर्पिओचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला, तर त्या जागी मॅन्युअल बसवावा का? रिसोडसारख्या गावी माझं उत्तर 'हो' आहे. टॉर्क कन्व्हर्टर किंवा तेलाच्या दाबावर चालणारी व्हॉल्व्ह बॉडी बिघडली, की जाणता कारागीर शोधत बहुधा मोठं शहर गाठावं लागतं. क्लचप्लेट तालुक्याचा मिस्त्रीही बदलतो. बॅटरी उतरली तर मॅन्युअल गाडी ढकलून तरी सुरू होते.

पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यावर ऑटोमॅटिकच बरी, असं म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. चिखलात क्लच दाबला की चाकांची ओढ तुटते, गाडी रुतते. पण लो रेंजमध्ये दुसरा गिअर आधीच टाकून पार होईपर्यंत तोच ठेवला, तर ही अडचण फारशी उरत नाही. खर्चाचा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. नुसत्या गिअरबॉक्सने भागत नाही. फ्लायव्हील, क्लचचं पेडल, क्रॉसमेंबर, कधी प्रोपेलर शाफ्टसुद्धा बदलावा लागतो, शिवाय इंजिनाच्या ईसीयूचं प्रोग्रॅमिंग. म्हणून त्याच मॉडेलची मॅन्युअल गाडी भंगारात अख्खी मिळत असेल तरच यात हात घालावा. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 गाडीतल्या फेरबदलांविषयी आहे; तेव्हा आधी वाशिमच्या आरटीओत विचारावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं.