झाराचे केस

मागे लेकीच्या घराबद्दल लिहिलं, तेव्हा सोबतच्या फोटोत कुंपणापलीकडे एक प्राणी उभा होता. तिघाचौघांनी विचारलं, "ते काय आहे हो?" आमच्या वन्संना वाटलं शिंगरू आहे. पुतण्या म्हणाला, कुणी बाई केस मोकळे सोडून खाली वाकली आहे. मंडळी, ती कुत्री आहे. नाव झारा, जात अफगाण हाउंड. लेक यॉर्कशायरमधल्या एका गावात राहते, आणि ही तिच्या शेजारणीची. 2023 च्या उन्हाळ्यात मी तिथे पाच महिने होते. तेवढ्यात या झाराने मला बरंच काही वाचायला लावलं.

पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. कुंपणाशी येऊन उभी राहिली. सोनेरी केस, मधोमध भांग पाडल्यासारखे दोन्ही बाजूंना ओघळलेले, पार जमिनीपर्यंत. लांब निमुळतं तोंड. भुंकली नाही, शेपूट हलवलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि मग माझ्यातून आरपार पलीकडे बघत राहिली. मी उगीचच मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. कुणी नव्हतं.

शेजारीणबाई माझ्याच वयाच्या, अठ्ठ्याहत्तरच्या. तीस वर्षं त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी हे कुत्रे पाळले, प्रदर्शनांत नेले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, आपण जिथे कालनिर्णय लावतो तिथे, त्यांनी एक कागद चौकटीत लावला होता. ब्रिटिश केनेल क्लबने ठरवलेलं अफगाण हाउंडचं मानक. म्हणजे या जातीचा कुत्रा कसा असावा याचं वर्णन. परीक्षक ते डोक्यात ठेवून गुण देतात. माझं इंग्रजी शाळेपुरतं, पण लेकीला शेजारी बसवून मी ते अक्षरन् अक्षर वाचलं. जन्मभर व्याख्या शिकवल्या, त्यामुळे चांगली व्याख्या दिसली की हात शिवशिवतात.

आणि काय सुरेख लिहिलंय! डोळे जवळजवळ त्रिकोणी, नाकाकडच्या कोपऱ्यापासून बाहेर किंचित वर चढत गेलेले. रंग काळसर असावा, पण सोनेरी असेल तर बाद करायचं नाही. डोकं ताठ मानेने धरलेलं. कमरेची हाडं उठून दिसणारी, एकमेकांपासून लांब. पुढचे पाय जबरदस्त मोठे, लांबीला आणि रुंदीलाही, पंजावर दाट केस. शेपटीच्या टोकाला कडं, आणि शेपटीवर केस विरळ (झुबकेदार नाही चालत). चाल स्प्रिंगसारखी. नराची उंची 68 ते 74 सेंटिमीटर, मादीची 63 ते 69. रंग कोणताही. आणि त्या नजरेबद्दलही आहे! हा कुत्रा तुमच्याकडे पाहतो आणि तुमच्या आरपार पाहतो, अशा अर्थाचं वाक्य खुद्द मानकातच आहे. म्हणजे मला कुंपणाशी जे जाणवलं ते छापील होतं.

केसांबद्दल एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. सगळ्या अंगावर लांब केस नसतात. खांद्यांपासून मागे पाठीवर, घोड्याला खोगीर घालतो तेवढ्या पट्ट्यात, केस आखूड आणि अंगाला चिकटलेले असतात. त्याला तिकडे खोगीरच म्हणतात. ते कापून करायचं नसतं, कुत्रा वयात आला की आपोआप येतं. पिल्लांच्या पाठीवर नुसती लव असते आणि गालांवर माकडासारखे कल्ले, तेही पुढे झडतात. मानकात म्हटलंय की केस नैसर्गिकपणे वाढले पाहिजेत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे कुणी ठरवलं, असा माझा पुढचा प्रश्न. (मास्तरकीची खोड जात नाही.) गोष्ट अशी आहे की अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सीस्तान या भागांत नजरेने शिकार हेरून धावत गाठणारे हे कुत्रे पिढ्यान् पिढ्या होते, पण त्यांचं वर्णन लिहून काढायची गरज तिथल्या कुणाला पडली नव्हती. कॅप्टन बार्फ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने 1907 मध्ये झार्दिन नावाचा एक कुत्रा इंग्लंडला नेला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात त्याने अशी काही खळबळ उडवली की राणी अलेक्झांड्राने त्याला बघायला बोलावलं. 1912 च्या पहिल्या मानकाचा आधार हा एकटा झार्दिन. एका मुलाच्या उत्तरपत्रिकेवरून आदर्श उत्तर तयार करावं तसं! मग महायुद्ध आलं आणि सगळं थांबलं.

युद्धानंतर पुन्हा सुरुवात झाली ती दोन बाजूंनी. 1920 मध्ये मेजर बेल-मरी यांचे कुत्रे आले. ते सपाट, वाळवंटी मुलखातल्या वळणाचे होते, उंच, सडपातळ, केस बेताचे. 1925 मध्ये मेरी अॅम्प्स या बाई काबूलहून आपले 'गझनी' घराण्याचे कुत्रे घेऊन आल्या. ते डोंगरी वळणाचे, जरा आटोपशीर बांध्याचे, केस भरपूर. झालं! कोणता खरा अफगाण, यावर दोन तट पडले आणि वर्षानुवर्षं भांडले. आज जे कुत्रे दिसतात ते या दोन्ही रक्तांच्या मिश्रणातून आलेले. पण गंमत बघा, शेजारीणबाईंकडे जुनी पुस्तकं होती, त्यात गझनीच्या त्या नावाजलेल्या सिरदारचा फोटो पाहिला. केसाळ म्हणून गाजलेला हा कुत्रा आजच्या झारापुढे जवळपास बोडका वाटतो. मानकातले शब्द फारसे बदलले नाहीत, केस मात्र वाढत गेले. परीक्षकांना आवडत गेले, पाळणारे वाढवत गेले. सत्तरच्या दशकात तर हा कुत्रा फॅशनच झाला होता. बार्बी बाहुलीला 1979 मध्ये कुत्रा दिला तोही अफगाणच.

त्यांच्या मूळ मुलखात यांना 'ताजी' म्हणतात. हा शब्द वाचला आणि मी खुर्चीतच सावरून बसले. जुन्या मराठीत ताजी म्हणजे अरबी घोडा! फारसीत ताजी म्हणजे अरबी, त्यावरून घोडाही आणि वेगवान कुत्राही. आपल्याकडे सांगली-सोलापूरपासून मुधोळपर्यंत जे कारवानी कुत्रे आहेत, त्यांतही दोन प्रकार. गुळगुळीत अंगाचा तो कारवानी, आणि कानांवर, शेपटीवर झालर असलेला तो पश्मी. पश्म म्हणजे लोकर, पश्मिना शालीतला तोच. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाने हे कुत्रे जोपासले, म्हणून मुधोळ हाउंड हे नाव. 2005 मध्ये त्यावर टपाल तिकीटही निघालं.

असो. शब्दांत शिरले की मी बाहेर येत नाही. झाराकडे येते.

या केसांची मशागत म्हणजे काय असते ते मी डोळ्यांनी पाहिलं. आठवड्याला न्हाणं. मग वाऱ्याच्या यंत्राने वाळवत वाळवत एकेक थर उचलून मुळापासून विंचरणं. कोरडं विंचरायचं नाही, केस तुटतात, आधी फवारा मारायचा. अख्खा दिवस जातो. आमच्या लहानपणी रविवारी शिकेकाईचं न्हाणं असायचं, तिघी बहिणींचे केस सोडवता सोडवता आईचा जेवणाचा वक्त टळून जायचा, त्याची आठवण झाली. जेवताना कानांचे केस भांड्यात पडतात, म्हणून झाराला कापडाची नळी डोक्यावरून चढवायचे, थेट टोपड्यासारखी. ती टोपडं घालून खात असताना मात्र तिचा तो खानदानी तोरा पार उतरायचा.

यजमान होते तोवर ते झाराला टेबलावर धरायचे आणि बाई विंचरायच्या. ते गेले 2021 मध्ये. बाईंची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, कंगवा धरवत नव्हता. मी तिथे असतानाच कानांमागे आणि काखेत गुंते झाले, मग त्यांच्या जटा. जट कातडी ओढते, दुखतं. झारा अकरा वर्षांची. ती कंगवा दिसला की उठून दुसऱ्या खोलीत जायची. बाहेर नेलं की गवताची कुसळं अडकायची, म्हणून बाईंनी बाहेर नेणंही कमी केलं. एक धावण्यासाठी जन्मलेली कुत्री दिवसभर खिडकीशी पडून असायची. प्रदर्शनाच्या जुन्या मैत्रिणींना बाईंनी घरी बोलावणं बंद केलं होतं, हे मला लेकीकडून कळलं.

मी म्हटलं, कापून का टाकत नाही? त्या काही बोलल्या नाहीत. भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं फक्त.

पुढे चारपाच दिवसांनी स्वतःच म्हणाल्या, की एका मैत्रिणीला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली, "कापलेस तर ती अफगाण उरणार नाही, नुसती कुत्री उरेल." तीस वर्षं त्या एकाच गोष्टीसाठी ओळखल्या गेल्या होत्या. केस कापणं म्हणजे ते सगळं संपलं असं दारावर पाटी लावण्यासारखं होतं. यजमानांनी शेवटचं विंचरलेले ते केस, हेही असणार. ते त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी चष्मा घेऊन पुन्हा त्या कागदासमोर उभी राहिले. दीड डझनाहून जास्त मथळे आहेत त्यात. डोळे, कान, मान, पुढचा भाग, मागचा भाग, पंजे, शेपूट, चाल, स्वभाव... केसांना त्यातला एक. शिवाय दोषांच्या कलमात लिहिलंय की कोणताही फरक किती गंभीर मानायचा ते ठरवताना कुत्र्याच्या आरोग्यावर आणि त्याच्या मूळ कामावर काय परिणाम होतो ते बघा. मी बाईंना म्हटलं, "हा कागद मी तीनदा वाचलाय. माझ्या वर्गात कुणी एका प्रश्नाचं उत्तर लिहिलं नाही तर मी सगळा पेपर कोरा नाही धरत." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही धराल तिला?"

कापणारी मुलगी घरी आली. मी झाराचं डोकं धरून बसले होते. मशीन घुर्र करायला लागलं तशी ती थरथरली, पण हलली नाही. माझ्या आरपार पाहत राहिली. जमिनीवर सोनेरी ढीग होत गेला, आपल्याकडे धनगर लोकर कातरतात तेव्हा होतो तसा. बाई दाराशी पाठ करून उभ्या होत्या.

आणि हळूहळू आतून जे निघालं ते पाहून माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं. वर चढलेलं पोट, खोल छाती, कमरेची ती दोन हाडं टेबलाच्या कोपऱ्यांसारखी वर आलेली, लांब मान. पंजे केवढे! हे मी पाहिलेलं होतं. जतजवळच्या आमच्या गावात, पन्नासच्या दशकात, शेजारच्या वाड्यातले कारवानी असेच ओट्याखाली पडलेले असायचे. हाडं दिसतात म्हणून आई त्यांना उपाशी समजून भाकरी टाकायची, आणि मालक तिच्यावर चिडायचा. झारा त्यांच्याहून थोराड, पण कमरेचं ते वळण आणि ती बेपर्वाई तीच. मी फोटो काढला.

बाई शेवटी वळल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग जवळ आल्या आणि वाकड्या बोटांनी कमरेची हाडं चाचपली, परीक्षक चाचपतात तशी. म्हणाल्या, "कधीपासून हिला पाहिलंच नव्हतं मी." त्यांनी एक बट उचलून पाकिटात घातली, बाकी मुलीने पिशवीत भरून नेली.

तिकडे कुत्र्यांना मोकळं सोडण्यासाठी कुंपणाची शेतं तासाने भाड्याने मिळतात. (या जातीला उघड्यावर सोडायची सोय नाही. दूर काही हललं की निघाली, मग हाक मारणाऱ्याने घसा फोडावा. स्टॅन्ली कोरेन यांनी 1994 च्या पुस्तकात कुत्र्यांच्या जाती शिकवण्यातल्या आज्ञाधारकपणावरून लावल्या, त्यात ही तळाला. मला हे पटत नाही. मागच्या बाकावरून खिडकीबाहेर बघणारी पोरं मठ्ठ नसतात, त्यांना बाहेर काहीतरी दिसत असतं.) त्या रविवारी लेकीने गाडी काढली. पट्टा सोडल्यावर झारा क्षणभर उभी राहिली, अंग झटकलं, केस नाहीत हे जणू तेव्हा कळलं. मग पळाली. अकरा वर्षांची म्हातारी, दोन फेऱ्याच मारल्या असतील, पण चारही पाय जमिनीवरून सुटलेले मी दोनदा पाहिले. तोंड उघडं टाकून आली आणि बाईंच्या पायांशी आडवी झाली.

संध्याकाळी मी तो कापल्यानंतरचा फोटो जतला धाकट्या भावाला पाठवला. खाली काहीच लिहिलं नाही. पाच मिनिटांत त्याचा उलटा प्रश्न आला, "कुणाचा कारवानी गं? ससा धरतो का?"

शेजारीणबाईंना मी ते भाषांतर करून सांगितलं. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाल्या, "त्यांना सांगा, धरेल. पण 2004 च्या कायद्याने इथे बंदी आहे." मी म्हटलं, आमच्याकडे 1972 पासून.