गोव्यात, पण लोळायला नाही!

गोवा म्हणजे बीच, मासळी, आराम? विसरा! नवरा ‘आयर्नमॅन ७०.३’ करणार असेल तर पहाटे चारलाच उठायचं. पणजीच्या मिरामारला ही शर्यत पहिल्यांदा झाली २०१९मध्ये. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल, वर २१.१ धावणं, सगळं साडेआठ तासांत. (७०.३ हा मैलांचा हिशेब.)

बायकोनं फक्त ओरडायचं. पाण्याची बाटलीही द्यायची नाही; बाहेरची मदत घेतली तर तो बाद होऊ शकतो. लाटांत सगळ्या टोप्या सारख्याच दिसतात, तो वेळ सर्वांत वाईट. सायकलवरून तर सुर्रकन जातो. धावताना मात्र चेहरा नीट दिसतो. पाय धरून थांबला, म्हणाला, ‘‘किती राहिलीत?’’

‘‘चाळीस मिनिटं. पळ!’’

बारा मिनिटं राखून पोचला. संध्याकाळी गाड्यावर रॉस ऑम्लेट उभ्यानंच खाल्लं. बसला असता तर उठला नसता.