चौघांचं काम

मंडळाच्या कार्यक्रमात कोणी "तुम्ही लॅबमध्ये नेमकं काय करता?" असं विचारलं की मी "प्रोटीन्स मोजते" एवढंच सांगून बटाटेवड्यांकडे वळते. पण गेल्या महिन्यात एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या मुलाच्या जेनेटिक टेस्टमध्ये पी-53 च्या एका प्रतीत दोष निघाला होता. "अगं, दुसरी प्रत चांगली आहे ना? मग निम्मं काम तरी चालेलच की!"

बऱ्याच प्रोटीन्सना हा हिशेब लागू पडतो. पण पेशीला कॅन्सरपासून राखणारं, 1979 साली सापडलेलं हे पी-53 एकेकटं काम करत नाही. 393 अमिनो आम्लांच्या साखळीत शेवटाजवळ तीसएक आम्लांचा एक भाग आहे. अशा भागाला आम्ही डोमेन म्हणतो. याचं काम हात धरण्याचं. दोघांची जोडी जमते, दोन जोड्यांची चौकडी होते. मुलाचा दोष होता डीएनए पकडणाऱ्या डोमेनमध्ये. हात मात्र शाबूत. म्हणून तर बिघडलेलं प्रोटीनही चौकडीत बिनबोभाट शिरतं! निम्मी चांगली, निम्मी वाईट अशी सरमिसळ झाली, तर चारही चांगली असण्याची शक्यता 16 मध्ये 1.

चौघं आहेत हे कळतं कसं? जेलच्या कॉलममधून सोडलं की आपल्या चाळणीच्या उलट, मोठे रेणू आधी बाहेर येतात. लहान जेलच्या छिद्रांत रेंगाळतात. पण पी-53 पडलं सैलसर, ऐसपैस. ते आहे त्याहून मोठं भासतं. माझा भरवसा अल्ट्रासेंट्रिफ्यूजवर. स्वीडनच्या स्वेडबर्गने 1920 च्या दशकात बनवलेलं हे यंत्र. बेताच्या वेगाने फिरत ठेवलं की तळाकडे जाणं आणि परत पसरणं यांचा तोल साधतो, आणि त्यावरून, आकार कसाही असो, वजन निघतं. एकट्याचं सुमारे 44 हजार डाल्टन, चौकडीचं पावणेदोन लाख. द्रावण पातळ करत गेलं की चौकडी सुटू लागते. पकड किती घट्ट तेही समजतं.

16 मध्ये 1 हा आकडा मैत्रिणीला सांगितला नाही. एक तर 2002 साली असं दिसलं, की जोड्या प्रोटीन बनतानाच, एकाच आरएनएवर जमतात. म्हणजे जोडीतले दोघं एकाच प्रतीचे. मग हिशेब 4 मध्ये 1 वर येतो, आणि मिश्र चौकड्याही सगळ्याच निकामी नसतात. दुसरं म्हणजे, आकड्यांनी आईला झोप लागत नाही. टोरोंटोच्या डॉक्टरांनी अशा कुटुंबांसाठी तपासण्यांचं वेळापत्रक आखलंय: दरवर्षी सबंध अंगाचा एमआरआय, शिवाय ठरावीक रक्ततपासण्या. गाठ लहान असतानाच सापडावी म्हणून. आम्ही त्याबद्दलच बोललो.

पहिला एमआरआय येत्या गुरुवारी आहे. तिचे यजमान भारतात गेलेत, तेव्हा गाडी मी चालवणार.