धाब्याच्या घरात उजेड

मुलांनो, जळगावहून धुळ्याला जाताना वाटेत आमचं एरंडोल लागतं. इथल्या जुन्या गल्लीतल्या एखाद्या धाब्याच्या घरात शिरून पाहा. बाहेर ऊन भाजत असतं, आत मात्र गारवा! जाड मातीच्या भिंती आणि वरचं धाबं ऊन आत येऊ देत नाहीत. पण ती उजेडही अडवतात. आजीला भरदिवसा दिवा लावून दादर निवडावी लागते.

मग भिंत पाडायची का? थांबा! धाब्याचं ओझं लाकडी खांब पेलतात की भिंत, हे आधी जाणत्या मिस्त्रीला विचारा. खिडकी शक्यतो दक्षिणेला काढा, वर छज्जा हवा. मे-जूनमध्ये दुपारचा सूर्य इथे जवळजवळ डोक्यावर असतो, त्याला छज्जा अडवतो. डिसेंबरात तो दक्षिणेला कलतो नि कोवळं ऊन आत येतं. पश्चिमेची मोठी खिडकी मात्र घर तापवते, बरं का! आतून चुना दिला, की पांढऱ्या भिंती उजेड खोलीभर पसरवतात.

येत्या रविवारी दुपारी 12 वाजता दिवे बंद करून प्रत्येक खोलीत पुस्तक वाचून पाहा. अक्षर कुठे दिसत नाही, ते वहीत लिहा. घराची दुरुस्ती निघाली, की ती वही आई-बाबांपुढे ठेवा!