तालीम

आमच्या उर्दू शाळेत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. पालकसभेत हा शब्द उच्चारल्याशिवाय कुणाचं भाषण सुरूच होत नाही. हाच शब्द वरंधा घाट चढून पलीकडे गेला की त्याला लाल माती लागते. तिकडे तालीम म्हणजे आखाडा आणि उस्ताद म्हणजे वस्ताद. कुस्ती आणि पहिलवान हे शब्दही फारसीतूनच आलेले. बी.एड. करताना शब्दांच्या या प्रवासाची आम्हाला मोठी गंमत वाटायची. पुढे ती गंमत राहिली नाही.

आम्ही राहतो पोलादपूरला आणि शिकवतो महाडला. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री महाड शहरात शिरली, ते सर्वांना ठाऊक आहे. कोविडमुळे शाळा आधीच बंद होती. पाणी उतरल्यावर आम्ही शिक्षक फावडी घेऊन गेलो, तेव्हा आठवीतला एक मुलगा आमच्याआधीच येऊन बसला होता. चिखलाने जड झालेलं जे बाक आम्ही दोघं मिळून उचलत होतो, ते तो एकटा खांद्यावर घेऊन पटांगणात नेत होता. वडील नाहीत, आई शिवणकाम करते, घरी एक धाकटा भाऊ, एवढीच आम्हाला त्याची माहिती होती. त्या दिवशी त्याचे खांदे पाहिले.

आमच्या रायगड जिल्ह्यात जोर कबड्डीचा. कुस्ती घाटावरची. पण या मुलाचा मामा ट्रक चालवतो, तो त्याला वाईकडच्या जत्रांना घेऊन जाऊ लागला. नारळावरच्या कुस्त्यांपासून सुरुवात झाली. २०२३ च्या उन्हाळ्यात एका फडात त्याने आपल्याहून थोराड पोराला चीत केलं आणि पाचशे रुपये इनाम घेऊन आला. तिथल्या एका वस्तादांनी मामाला सांगितलं, पोरगं माझ्या तालमीत ठेवा. राहण्याचे पैसे नकोत, पण खुराक तुमचा. दूध, तूप, बदाम मिळून महिन्याला दहा हजार.

जूनमध्ये त्याची आई शाळेत आली. म्हणाली, “सर, पैलवानकीनं पोट भरतं काय? तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगाल तसं करते.”

आम्ही क्षणभरही विचार केला नाही. दहावी होऊ दे, मग आय.टी.आय., मग आखात, असं सांगून टाकलं. पोटाचा प्रश्न होता आणि आमचं उत्तर तयार होतं. वर गामा पहिलवानाचा दाखला दिला. दतिया आणि पतियाळाच्या दरबाराने पोसलेला, १९१० साली लंडन गाजवणारा, १९२८ मध्ये पतियाळाला झिबिस्कोला मिनिटाच्या आत चीत करणारा गामा. फाळणीनंतर लाहोरात त्याचे दिवस आजारपणात आणि तंगीत गेले. १९६० साली तो वारला. राजे गेले आणि खुराक गेला. गामाची ही गत, तर आपलं काय, असं आम्ही म्हणालो. बाईंना ते पटलं. मुलगा दाराशी उभा होता. तो काही बोलला नाही.

खाशाबा जाधवांच्या जन्मदिवशी, १५ जानेवारीला, राज्य क्रीडा दिन साजरा करायचा असं सरकारने ठरवलं. २०२४ मध्ये आमच्या शाळेत भाषणाची पाळी आमच्यावर आली. क्रीडाशिक्षक रजेवर होते, दुसरं कारण नाही. मग आम्ही वाचायला बसलो.

खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे. आमच्याकडून आंबेनळी घाट चढून गेलं तर फार लांबचे नव्हेत. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेला माणूस तिथे गादीवर उतरला आणि सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. गावाने वर्गणी केली, तरी पुरेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले. खाशाबा त्यांचे विद्यार्थी.

हे वाचताना आम्ही थांबलो. चहा गार झाला.

भाषणात आम्ही सगळं सांगितलं. कॅनडाचा, मेक्सिकोचा, जर्मनीचा असे मल्ल खाशाबांनी पाडले. जपानच्या इशीशी लांबलेली लढत हरले, आणि दम घेण्याआधीच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीदशी लढायला बोलावलं. दोन लढतींत अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता, पण तो नियम बोलून दाखवायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. ‘रशीद’ ऐकताच पोरांनी कान टवकारले. बाकूचा रशीद मम्मदबेयोव, असं सांगितल्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी “आपलाच!” म्हणालं आणि हशा पिकला. आम्ही म्हटलं, त्या दिवशी आपला खाशाबा होता. मग टाळ्याही पडल्या.

इशीला सुवर्ण, रशीदला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला त्यांची बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनी काय केलं? कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले, आणि त्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवून दिलं. १९५५ मध्ये पोलिसांत फौजदार झाले. बढती मिळायला वर्षानुवर्षं लागली, निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडावं लागलं. १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पुढे त्याच वर्षी पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत कांस्य मिळवलं, तेव्हा महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक पदक ७२ वर्षांनी आलं, असं सगळीकडे छापून आलं. तोही रेल्वेच्या नोकरीत होता.

कोल्हापूरचा विषय निघाला म्हणून राजर्षी शाहूंबद्दलही सांगितलं. १९०६ मध्ये मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था आणि बोर्डिंग उभं करायला ज्यांनी हात दिला, त्यांनीच १९१२ मध्ये खासबागचं मैदान पुरं केलं. एकाच राजाने तालीम शब्दाचे दोन्ही अर्थ सांभाळले. हे वाक्य आम्हाला आदल्या रात्री सुचलं होतं आणि आम्ही त्यावर खूश होतो.

भाषण संपल्यावर सातवीतला एक चळवळ्या मुलगा उभा राहिला. “सर, खर्डेकर सरांनी घर गहाण ठेवलं. तुम्ही ठेवाल?”

सगळे हसले. आम्हीही हसलो. दहावीच्या रांगेत तो मुलगा बसला होता. तो हसला नाही, आमच्याकडे बघतही नव्हता. बुटाची नाडी बांधत होता.

आमच्या घराचा हप्ता त्या वेळी महिन्याला साडेनऊ हजार होता. म्हणजे घर तसं बँकेकडे गहाणच होतं, फक्त आमच्यासाठी. दहा हजार एकट्याला झेपले नसते, हे खरं. पण महाडमध्ये, पोलादपुरात आखाती पैशाची माणसं आहेत. पाच दारं ठोठावली असती तर निम्मे तरी जमले असते. मशिदीच्या रंगासाठी आम्हीच पावतीपुस्तक घेऊन फिरलो होतो. या मुलासाठी मात्र आम्हाला फक्त गामाचं म्हातारपण आठवलं. त्याची तीस-चाळीस वर्षांची कुस्ती आम्ही त्याच्या आईला सांगितलीच नाही.

मुलगा दहावी पास झाला. आय.टी.आय.मधून वेल्डर झाला आणि मागच्या वर्षी सौदीला गेला. आमचा सल्ला चुकला असं कुणी म्हणत नाही. घरावर नवे पत्रे आले, आईने नवी शिलाई मशीन घेतली. भेटल्या की दुआ देतात आणि आम्ही खाली बघतो.

गेल्या महिन्यात रात्री त्याचा फोन आला. आधी तब्येतीचं विचारलं, मग म्हणाला, “सर, धाकटा आता सातवीत आहे. मामा त्याला फडाला नेतो. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. त्याला वस्तादांकडे ठेवायचं आहे, शाळा तिथेच करील. महिन्याचे दहा हजार मी पाठवतो. अम्मी माझं ऐकत नाही. म्हणते, सरांनी नको म्हणून सांगितलंय. तुम्ही तिला सांगाल?”

खुराक आता दहा हजारात भागत नाही, हे आम्ही त्याला सांगितलं. तो म्हणाला, बारा पाठवतो. वरचं आम्ही बघू, एवढं आमच्या तोंडून निघून गेलं.

येत्या रविवारी त्यांच्या घरी जायचं आहे. बाई गामाची गोष्ट विसरलेल्या नाहीत. परवाच बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “तो लाहोरचा पैलवान, सर, त्याला मुलं होती का हो?”