काळ्या मातीतला सांधा

जमिनीखाली पुरावयाच्या लवचीक कंड्यूटची, म्हणजे केबल ओढण्यासाठी आधी टाकून ठेवलेल्या नळीची, निवड करताना दुकानात चर्चा होते ती व्यासाची आणि भावाची. पण मराठवाडा-विदर्भातील काळ्या मातीत आयुष्य घालवलेल्या वायरमनचे लक्ष सांध्यावर असते. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि या ओढाताणीत नळी वाकून निभावून नेते, सांधा मात्र जागचा हलतो. आयईसी ६१३८६-२४ या मानकात पुरलेल्या नळ्यांचे २५०, ४५० आणि ७५० असे वर्ग आहेत. हा आकडा म्हणजे व्यास ५ टक्क्यांनी दबेपर्यंत नळी पेलते तो भार, न्यूटनमध्ये मोजलेला. तो नळीच्या अंगाचा आहे, सांध्याचा नव्हे, आणि तरीही जाड नळी घेतली की काम झाले अशी समजूत हल्ली बळावत चालली आहे.

बाहेरून वळ्यांची व आतून गुळगुळीत अशी दुहेरी भिंतीची एचडीपीई नळी, जिला बाजारात डीडब्ल्यूसी म्हणतात, ती घ्यावी. एकेरी वळ्यांच्या नळीत केबल प्रत्येक वळीला घासते. लोखंडी फ्लेक्सिबल मोटरजवळच्या थरथरीसाठी चांगली, पण वरचे प्लास्टिक खरचटले की मातीत ती गंजते. यावर फार बोलण्याची गरज नाही.

खरा पेच दोन नळ्या जोडणाऱ्या कपलरचा आहे. नळी दोन वळ्यांमधल्या खाचेत काटकोनात कापून, रबरी रिंग टोकाजवळच्या अखंड खाचेत बसवून, साबणाचे पाणी लावून कपलर चढवावा लागतो. रिंग वळीच्या माथ्यावर चढली किंवा तिच्याखाली मातीचा कण राहिला, तरी बाहेरून सांधा निर्दोषच दिसतो. शिवाय भर उन्हात तापलेली ५० मीटर नळी जमिनीत १५ अंशांनी थंड झाली, तर ती दहा सेंटीमीटरहून अधिक आखडू पाहते. म्हणून चरात रात्रभर निववून मगच शेवटचा सांधा जोडावा. टेपचे वेढे देऊन चर बुजवणाऱ्या ठेकेदारांना हा धीर नसतो, आणि वायरमनच्या विद्येची खरी हानी तिथेच होते.

कोरड्या नळीचा अभिमान जुन्या कारागिराला सुटत नाही. आत दमट हवा थंडावून पाणी साचणारच, म्हणून पाण्यात टिकेल अशीच केबल निवडावी, हे त्याला ठाऊक असते. तरीही आपल्या सांध्यातून थेंब आला नाही हे चार लोकांत सांगताना त्याला जे सुख होते, ते कामाच्या गरजेपेक्षा मोठे असते. बोटांची पकड सैल होऊन कपलर शिकाऊ मुलाच्या हाती गेला की हाच अभिमान कारागिराला बोचू लागतो. कपलर किती आत गेला, हे नळीवर खडूने खूण करून दाखवता येते. रिंग आत गुंडाळली गेली की नाही, हे मात्र दाबताना तळहाताला जाणवणाऱ्या विरोधावरूनच कळते, आणि तो विरोध नेमका किती असावा हे सांगायला त्याच्यापाशी अजून शब्द नाहीत.