मुद्देमालाचा माग

अपिलाचं पेपर-बुक हाती आलं की निकालपत्र मी सगळ्यात शेवटी वाचते. ते आधी वाचलं की न्यायाधीशांनी सांगितलेली हकिगत डोक्यात बसते आणि मग प्रत्येक कागद तिलाच दुजोरा देतोय असं वाटू लागतं. म्हणून आधी पंचनामा, मग गोदामाची नोंदवही, नमुना प्रयोगशाळेत पोचल्याची पावती, रासायनिक अहवाल आणि त्यानंतर साक्षी. शेजारी एक कोरा कागद ठेवते. त्यावर पेन्सिलीनं तारीख, वेळ, वजन, पाकिटावरची खूण, लाखेवरच्या शिक्क्याचं वर्णन, आणि त्या घटकेला माल कोणाच्या ताब्यात होता हे लिहीत जाते. विमानतळावरच्या अमली पदार्थांच्या खटल्यात मी आरोपीच्या आधी मुद्देमालाचा माग काढते.

मुंबईत सहारला पहाटे उतरलेलं विमान, ट्रॉली बॅगेचा खोटा तळ, त्याखाली पॉलिथिनमध्ये गुंडाळलेली पूड. ही सुरुवात इतक्या खटल्यांत सारखी असते की एका पंचनाम्यातली वाक्यं दुसऱ्यात जशीच्या तशी सापडतात. फरक पडतो तो ग्रॅमनं. हेरॉइन २५० ग्रॅमच्या वर गेलं किंवा कोकेन १०० ग्रॅमच्या वर, की ती व्यापारी मात्रा. मग किमान दहा वर्षं सक्तमजुरी आणि किमान एक लाखाचा दंड. न्यायाधीशाच्या मनात आलं तरी त्याखाली उतरता येत नाही. जामिनासाठीही अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ३७ च्या कडक अटी. म्हणून वजन वेष्टणासकट केलं की वेष्टण काढून, काटा कुणी आणला, नमुना काढल्यावर उरलेल्या मालाचं वजन बेरजेला जुळतं का, हे सगळं मी मांडून बघते.

सगळ्यात अवघड असतात ते पोटात कॅप्सूल घेऊन येणाऱ्यांचे खटले. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १०३ नुसार अशा माणसाचा एक्स-रे काढायला मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते, प्रवाशानं स्वतःहून संमती दिली असेल तर गोष्ट वेगळी. त्यानंतर रुग्णालयातला पहारा. कॅप्सूल एकदम बाहेर पडत नाहीत. आज काही, उद्या काही, कधी मध्ये एखादा दिवस कोराच जातो. प्रत्येक वेळी कोण हजर होतं, कॅप्सूल कुणी धुतल्या, कुणी मोजल्या, पंच त्या खोलीत होते की दुसऱ्या दिवशी सह्या करायला आले? आणि रात्रीच्या कॅप्सूल सकाळी सील होईपर्यंत कुठे होत्या? डॉक्टरांचा केसपेपर आणि पंचनामा शेजारी ठेवले की अनेकदा पाळीवरच्या परिचारिकेची एका ओळीची नोंद बाकी सगळ्या साक्षींपेक्षा जास्त सांगते. ती तिनं खटल्यासाठी लिहिलेली नसते, म्हणून मला तिच्यावर अधिक भरवसा वाटतो.

या कामात मी वारंवार ज्या निकालाकडे जाते तो आहे २००८ चा नूर आगा. १९९७ साली अमृतसरच्या राजासांसी विमानतळावर एका अफगाण प्रवाशाजवळचा द्राक्षांचा पुठ्ठ्याचा खोका उघडला आणि त्यात १ किलो ४०० ग्रॅम हेरॉइन सापडलं, असा तो खटला. सर्वोच्च न्यायालयात न्या. सिन्हा आणि आपल्या नागपूरच्या वकिलीतून वर गेलेले न्या. सिरपूरकर यांच्यापुढे तो आला. तेव्हा तो खोकाच पुराव्यात नव्हता आणि महत्त्वाचा स्वतंत्र साक्षीदार तपासलेला नव्हता. प्रवासी सुटला. या निकालानं अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ३५ आणि ५४ मधली आरोपीविरुद्धची गृहीतकं घटनाबाह्य ठरवली नाहीत. पण माल ताब्यात होता हा पाया आधी सरकार पक्षानं घालावा, त्यानंतरच आरोपीनं आपल्याला ठाऊक नव्हतं हे सिद्ध करावं, असा क्रम लावून दिला. माझे युक्तिवाद याच क्रमावर उभे असतात.

पूर्वी हा पाया घालायची घाईच नसे, कारण तपास अधिकाऱ्यांनी घेतलेला त्याच कायद्याच्या कलम ६७ खालचा जबाब असायचा. आरोपीला जेमतेम कळणाऱ्या इंग्रजीत पानंच्या पानं कबुली. २९ ऑक्टोबर २०२० ला तोफानसिंग प्रकरणात तीनपैकी दोन न्यायमूर्तींनी या अधिकाऱ्यांना पोलीस मानलं आणि त्यांच्यासमोरचा कबुलीजबाब पुराव्यातून गेला. आता जुन्या अपिलांतून तो बाजूला काढल्यावर काय उरतं हे पाहावं लागतं. कधी बॅगेच्या टॅगचा आणि बोर्डिंग पासला चिकटवलेल्या पट्टीचा क्रमांक जुळतो आणि खटला तसाच भक्कम राहतो. कधी टॅग जप्तच केलेला नसतो.

‘तांत्रिक मुद्द्यावर सुटला’ असं कुणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. गोदामातल्या पाकिटांपैकी प्रयोगशाळेत गेलेलं पाकीट याच माणसाचं होतं का, हा प्रश्न तांत्रिक कसा? त्यावर कुणाची तरी दहा वर्षं अवलंबून आहेत. या पुडीनं घरं बसतात, हे मला कळतं. कागदावरची साखळी पक्की असेल तर मी अशिलाला तसं स्पष्ट सांगते, खोटी आशा लावत नाही. नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढण्याचं कलम ५२-अ पाळलं नाही एवढ्यानंच आरोपी सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं, ते मला योग्यच वाटतं. त्या चुकीनं मालाच्या ओळखीवर खरोखर शंका येते का, हे दाखवणं माझं काम.

अपील सुनावणीला येतं तोवर शिक्षेचा मोठा भाग बहुधा भोगून झालेला असतो. भायखळ्याच्या महिला कारागृहात परदेशी बाईची मुलाखत घ्यायची तर दुभाषी शोधण्यापासून सुरुवात. तिचं इथं कुणी नसतं. अपील मंजूर झालं तरी ती थेट विमानात बसू शकत नाही. तिचा पासपोर्टही मुद्देमालात जमा असतो, बहुतेकदा त्याची मुदत उलटलेली. दूतावासाकडून प्रवासाचे कागद आणि देश सोडण्याची परवानगी मिळवायची असते. म्हणून युक्तिवाद संपवताना मी पासपोर्ट परत देण्याचा आदेश वेगळा मागून घेते. तो निकालात आला नाही तर पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख, आणि तोवर निर्दोष ठरलेल्या त्या बाईनं राहायचं कुठं, याची सोयही आम्हालाच बघावी लागते.